वीतभर सावली

मे महिन्याच्या मध्याला पुण्यातल्या गच्च्यांवर एक खेळ चालतो. तेरा-चौदा तारीख, दुपारचे साडेबारा. कुणी पाण्याची बाटली उभी करतं, कुणी लाटणं, कुणी घरातल्या पोरालाच उन्हात ताठ उभं करतं आणि सगळे खाली मान घालून बघत राहतात. सावली सरकत सरकत वस्तूच्या पोटाखाली शिरते आणि क्षणभर नाहीशी होते. शून्य सावली. सूर्य बरोबर माथ्यावर आलेला असतो. फोटो निघतात, मग पाय भाजायला लागतात आणि मंडळी जिना उतरून पन्ह्याकडे वळतात.

इथून तो सूर्य पुढे कुठे जातो, असा प्रश्न मला एकदा त्या गच्चीवरच पडला. रात्री नकाशा काढून बसलो. त्या दिवशी सूर्याचं बोट एकाच अक्षांशावरून पश्चिमेकडे फिरत जातं. अरबी समुद्र, अरबस्तानची वाळू, तांबडा समुद्र, सहारा आणि मग सगळा अटलांटिक. पावणेदहा तासांनी ते कॅरिबियनमधल्या एका शहरावर टेकतं. पोर्ट-ओ-प्रिन्स, हैतीची राजधानी. पुणे आणि हे शहर अक्षांशानं जवळजवळ जुळी भावंडं आहेत. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं वायव्येला गेलं की आर्काये नावाचं गाव लागतं. केळीच्या बागांचं गाव. तिथली भाजीची केळी हैतीभर नावाजलेली. ते बरोबर लोणावळ्याच्या अक्षांशावर बसलं आहे.

हैती मी पाहिलेला नाही. माझी त्या देशाशी ओळख एवढीच: डोक्यावरचा एक सूर्य, काही पुस्तकं आणि एक झाड. झाड त्यांच्या ध्वजावर आहे.

१८०३ चा मे. फ्रान्सची ती सगळ्यात श्रीमंत वसाहत, सँ-दोमँग, बारा वर्षं पेटलेली होती. ऊस, कॉफी, कापूस आणि नीळ पिकवायला आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी १७९१ च्या ऑगस्टमध्ये बंड केलं होतं आणि आता नेपोलियनची फौज त्यांना पुन्हा साखळ्या घालायला आली होती. १५ ते १८ मे या चार दिवसांत बंडाचे पुढारी आर्कायेला जमले. काळे सेनानी होते, मिश्र रक्ताचे होते. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेले होते. त्यांनी झँ-झाक देसालिनला एकमुखानं सेनापती मानलं. आणि तिथे, अशी आठवण सांगतात, देसालिननं फ्रान्सचा तीनरंगी ध्वज घेतला आणि मधला पांढरा पट्टा फाडून काढला. उरलेला निळा आणि तांबडा त्याच्या मानसकन्येनं, कातरिन फ्लोंनं, एकाला एक जोडून शिवला. फाडायला एक हात लागला आणि शिवायला दुसरा. हैतीत दोघांचीही नावं घेतात, याचं मला अप्रूप वाटतं. आपल्या इतिहासात फाडणाऱ्यांचे पुतळे पुष्कळ, सुई-दोरा धरणारीचं नाव क्वचित.

आता तो दिवस डोळ्यांसमोर आणू या. १८ मे, दुपार. आर्कायेच्या माथ्यावरून सूर्य नुकताच, दोन-तीन दिवसांपूर्वी, उत्तरेकडे सरकलेला आहे. माथा अजून पुरता सोडलेला नाही. हिशेब करून पाहिला. वीस मीटर उंच झाडाची सावली त्या दुपारी वीतभर पडते. म्हणजे वीस मीटरचा ताड आणि त्याच्या बुंध्याशी वीतभर काळोख. शेंड्यावरच्या पानांची छत्री तेवढी खाली बुंध्याभोवती गोल पडलेली, जणू झाडानं स्वतःलाच पायाशी काढून ठेवलं आहे. त्या दुपारी तिथे कोणतं झाड उभं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण तो ताड तिथल्या मातीतलाच आहे. क्रेयोल भाषेत त्याला पाल्मिस म्हणतात.

आपल्याकडे जुन्या बंगल्यांच्या, कॉलेजांच्या फाटकापासून पोर्चपर्यंत दुतर्फा जे रॉयल पाम उभे असतात, ते याचे क्यूबाकडचे चुलतभाऊ. कोकणी माणसाला मी वेगळ्या तऱ्हेनं सांगेन: पोफळ डोळ्यांसमोर आणा आणि तिला राजाच्या घरी वाढवा. करड्या सिमेंटच्या रंगाचं गुळगुळीत खोड, मध्ये किंचित फुगलेलं, अन्न जिरवलेल्या अजगरासारखं. वर पोफळीला असतो तसाच हिरवागार, तुकतुकीत दंड. पानांची आवरणं एकात एक घट्ट गुंडाळून झालेला. पोफळीची विरी गळते तशी याचीही गळते, फक्त ही विरी माणसाच्या अंगाएवढी. साधारण महिन्याला एक पान उतरतं आणि खोडावर एक कडं ठेवून जातं. इतर झाडं आपलं वय आत, गाभ्यातल्या वर्तुळांत लपवून ठेवतात. ताडाला आत वर्तुळं नाहीतच. जे काही घडलं ते त्यानं अंगावर बाहेरच लिहिलेलं असतं. बारा कड्यांचं एक वर्ष.

हैतीच्या खेड्यांत या झाडाचं काही वाया जात नाही. खोड उभं चिरून फळ्या काढतात, त्यांच्या भिंती होतात. गळालेल्या विऱ्या छपराला आणि अंथरायला. फळांचे घोस डुकरांना. फुलोऱ्यावर मधमाश्या. असा हा घरगुती, चुलीपाशी वावरणारा राजा आहे.

आणि हाच सरकारी ध्वजाच्या मध्यभागी उभा आहे. वर निळा, खाली तांबडा, मधोमध पांढरा चौकोन, आणि चौकोनात पाल्मिस. मला या चौकोनाची गंमत वाटते. जो पांढरा फाडून फेकला, तोच एवढासा होऊन परत आला. पण आता तो कुणाचा मालक नाही, झाडामागचं आभाळ झाला आहे. झाडाच्या बुंध्याशी हिरवळ. हिरवळीवर तोफा, तोफगोळे, संगिनी लावलेल्या बंदुका, नगारा, नांगर (जहाजाचा, शेताचा नव्हे) आणि तुटक्या साखळीचे तुकडे. दोन्ही अंगांना ध्वज. आणि शेंड्यावर, जिथे एखादा पक्षी बसावा तिथे, टोपी. प्राचीन रोममध्ये गुलामाला मोकळं केलं की त्याच्या डोक्यावर टोपी चढवीत. फ्रेंच क्रांतीनं ती उचलली, आणि हैतीनं ती माणसाच्या डोक्यावर न ठेवता झाडाच्या डोक्यावर ठेवली. माणसांची डोकी बदलतात. देसालिननं पुढे सम्राटाचा मुकुट घातला, उत्तरेत आंरी क्रिस्तोफनं राजाचा घातला. ते मुकुट कधीच गेले, टोपी शेंड्यावर आहे. गावोगावच्या चौकातही देशाच्या वेदीपाशी असा एक पाल्मिस लावायची जुनी रीत आहे. स्वातंत्र्याचं झाड म्हणून.

इथे माझी गाडी बराच काळ अडली होती, ती तूसँ लूव्हर्त्यूरपाशी. देसालिनच्या आधीचा तो मोठा नेता. जून १८०२ मध्ये फ्रेंचांनी त्याला बोलणी करायला बोलावून दग्यानं पकडलं आणि जहाजावर चढवलं. जाताना तो जे म्हणाला ते हैतीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचा आशय असा, की मला पाडून तुम्ही स्वातंत्र्याच्या झाडाचं नुसतं खोड तोडलंत. ते मुळांतून पुन्हा फुटेल, कारण मुळं पुष्कळ आहेत आणि खोल आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या झ्यूरा डोंगरांतल्या फोर-द-झू किल्ल्यात थंडीनं आणि उपासमारीनं खंगून गेला.

हे मी वाचलं आणि मनातल्या मनात म्हटलं, पण ताड मुळांतून फुटत नाही.

कोकणात हे कुणाला सांगावं लागत नाही. शेंडा गेला की माड गेला. माडाला, पोफळीला, पाल्मिसला जीव एकाच ठिकाणी असतो, अगदी वर, पानांच्या आत गुंडाळलेला, लहान मुलाच्या टाळूसारखा मऊ. तो गाभा चवीला गोड लागतो, म्हणून वसाहतीच्या काळापासून लोक तो काढून खात आले आहेत. एका माणसाच्या जेवणासाठी चाळीस वर्षांचं झाड. गेंड्या भुंगा तिथवर पोचला की बागाईतदाराची झोप उडते, ती यासाठीच. वडाला तोडा, चिंचेला तोडा, बुंध्यातून धुमारे येतील. ताडाला दुसरी संधी नाही.

तूसँच्या मनातलं झाड मग वेगळ्या जातीचं असलं पाहिजे. कदाचित मोम्बें, आपल्या अंबाड्याचा भाऊ. हैतीतले शेतकरी त्याचे खुंट कुंपणाला नुसते ठोकतात आणि पावसाळ्यात कुंपणाला पालवी येते. किंवा मापू, आपल्या काटेसावरीच्या नात्यातला तो अवाढव्य वृक्ष. तोडला तरी मरायला तयार नसलेली झाडं ही. माणसं अशी असतात. १७९१ चे काही पुढारी मारले गेले, १८०२ मध्ये तूसँ पकडला गेला, आणि १८०३ च्या १८ नोव्हेंबरला व्हेर्तियेरच्या लढाईत नेपोलियनची फौज हरली. १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्हमध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं. मुळांतून फुटणं म्हणजे हेच.

पण ध्वजावर त्यांनी मोम्बें लावला नाही, मापू लावला नाही. पाल्मिस लावला. एकाच शेंड्याचा, एकदाच जगणारा. हे चित्र देसालिननंतर दक्षिणेत उभ्या राहिलेल्या पेतियाँच्या प्रजासत्ताकात ठरलं तेव्हा ठरवणाऱ्यांच्या मनात वनस्पतिशास्त्र असेल असं मी म्हणणार नाही. परंतु ती माणसं त्या मातीत वाढलेली होती. ताड छाटल्यावर काय होतं ते त्यांनी पाहिलं असणार. म्हणून बुंध्याशी ठेवलेल्या त्या तोफांकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. एरवी मला ध्वजांवरची शस्त्रं आवडत नाहीत. इथे मात्र ती राखणीला बसलेली दिसतात, परसातल्या एकुलत्या एका माडाला काट्यांचं आळं करावं तशी.

रंगांचंही थोडं सांगायला हवं. निळा म्हणजे काळे आणि तांबडा म्हणजे मिश्र रक्ताचे, दोघांची शिवण म्हणजे देश, असा अर्थ तिथे शाळेत शिकवतात. तो खरा आहे. पण हे दोन रंग त्या मातीतून निघालेले आहेत, हे कळल्यावर मला ध्वज जास्त जवळचा वाटला. निळीचे मळे आणि निळीचे हौद त्या वसाहतीत जागोजाग होते. झुडपं कुजवून, पाणी घुसळून काढलेला तो रंग, ज्याच्या वासानं माणूस आजारी पडे. आपल्याकडे चंपारणच्या शेतकऱ्यांनीही नीळ सोसली आहे, त्यामुळे या निळ्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. आणि तांबडा? १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हील नावाचा एक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मेक्सिकोतल्या ओआहाकाहून निवडुंगाची पानं आणि त्यांवर जगणारे किरमिजी किडे चोरून पोर्ट-ओ-प्रिन्सला घेऊन आला. त्या किड्यांना चिरडलं की जगातला सगळ्यात उंची लाल रंग निघे. स्पेननं तो जिवापाड लपवून ठेवला होता. तीन वर्षांत तो शास्त्रज्ञ वारला आणि त्याची बाग मोडली. निळा कुजवून निघतो, तांबडा चिरडून.

मधल्या काळात रंग फिरले. १८०५ च्या राज्यघटनेत देसालिननं निळ्याच्या जागी काळा आणला. पुढे दक्षिणेतल्या प्रजासत्ताकानं निळा परत आणला, आणि १९६४ मध्ये फ्रांस्वा दुव्हालिए या हुकूमशहानं पुन्हा काळा-तांबडा, उभ्या पट्ट्यांचा. त्याचा मुलगा ७ फेब्रुवारी १९८६ ला देश सोडून पळाला आणि त्याच महिन्यात निळा परतला. काळ्या रंगात वाईट काही नव्हतं. देसालिनचा तो अभिमानाचा रंग. पण ज्या हातांनी तो दुसऱ्यांदा चढवला त्या हातांना रक्त लागलेलं होतं. झाड मात्र त्या हातांनीही काढलं नाही. आणखी एक किस्सा आहे तो सांगून टाकतो: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिख्टेनस्टाइन यांच्या लक्षात आलं की दोघांचेही निळे-तांबडे ध्वज हुबेहूब सारखे आहेत. लिख्टेनस्टाइननं पुढच्या वर्षी आपल्या ध्वजावर मुकुट चढवला. हैतीपाशी आपलं झाड होतं.

झाडाखाली एक पट्टी आहे आणि तिच्यावर फ्रेंचमध्ये बोधवाक्य. त्याचं मराठी भाषांतर करायची गरजच नाही, ते आपल्याकडे आधीपासून आहे: एकी हेच बळ. लहानपणी काठ्यांच्या मोळीची गोष्ट सांगून आपल्या गळी उतरवलेलं. हैतीत मात्र ते झाडावरच राहतं. झ्वाझो पाल्मिस म्हणून एक पक्षी आहे, ताडपक्षी म्हणू या. हैती ज्या बेटावर आहे ते हिस्पॅनिओला आणि त्याच्या लगतची बेटं सोडली तर जगात कुठेच नाही. रंगानं साधा, तपकिरी, पोटावर रेघा. आपल्या सातभाईंसारखा गलका करत टोळीनं हिंडणारा. त्याला पाल्मिसचा शेंडा लागतो. तिथे चार-सहा जोड्या मिळून काटक्यांचं एक भलंमोठं घरटं बांधतात. बाहेरून नुसता काटक्यांचा ढीग; आत प्रत्येक जोडीची खोली वेगळी आणि दार वेगळं. म्हणजे चाळच ती. पक्ष्याहून लांब काटकी चोचीत धरून वर चढताना त्याची जी तारांबळ उडते, ती बघून पक्षीनिरीक्षकांनाही हसू येतं. ध्वजावर कुणी हा पक्षी काढलेला नाही. बरंच झालं, चित्रात बसवला असता तर गप्प झाला असता.

हैतीतली भक्ती झाडांतून वाहते. आफ्रिकेतून आलेले देव आणि फ्रेंचांचे संत एकमेकांत मिसळून तिथे व्होडू धर्म उभा राहिला. त्यात लोको हा वनस्पतींचा आणि औषधींचा देव. त्याची बायको आयिझाँ, बाजाराची आणि दीक्षेची राखणदार. आयिझाँची खूण म्हणजे पाल्मिसचं पान. दीक्षेच्या वेळी ताडाचं कोवळं पान बोटांनी बारीक बारीक चिरतात, त्याच्या झिरमिळ्या होतात, आणि त्यानं जागा शुद्ध होते. विधी सुरू होताना ध्वजही येतात, टिकल्या आणि मण्यांनी मढवलेले, जोडीनं. तलवारधारी पुढे, ध्वज मागे. भक्त त्यांना वंदन करतात. ध्वज म्हणजे ज्याला ओठ लावायचे असं काही, हे त्या लोकांना सरकारनं शिकवलेलं नाही.

मध्य हैतीत सोदोचा धबधबा आहे. १८४२ च्या मोठ्या भूकंपानं तो घडवला म्हणतात. शंभरएक फुटांवरून पाणी खडकांच्या पायऱ्यांवर फुटतं आणि दर १६ जुलैला हजारो माणसं त्याखाली उभी राहत, अंगावरचे जुने कपडे पाण्यात सोडून देत. याच परिसरात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, एका पाल्मिसच्या झाडावर लोकांना माउली दिसली. कुणी तिला मारिया म्हणालं, कुणी व्होडूतली देवी एझिली. रोगी, पांगळे झाडापाशी येऊ लागले. पुढे तो ताड तोडण्यात आला. अंधश्रद्धा नको म्हणून. १९४१-४२ मध्ये तर चर्चनं मोहीमच काढली आणि देवत्व असलेले मापू गावोगाव कापले. आपल्याकडे देवराया ज्यांनी तोडल्या त्यांच्याजवळ निदान लाकडाचा लोभ तरी होता.

सोदोचं झाड गेलं. ताड असल्यानं पुन्हा फुटलं नाही. वारी मात्र येत राहिली.

हैती म्हणजे आयिती. मूळच्या तायनो लोकांनी दिलेलं नाव, अर्थ उंच डोंगरांची भूमी. ते तायनो स्पॅनिशांच्या काळात जवळजवळ पुसले गेले. १८०४ मध्ये नव्या राष्ट्रानं फ्रेंचांचं नाव टाकलं आणि मेलेल्यांनी ठेवलेलं नाव परत घेतलं. डोंगरामागे डोंगर आहेत, अशी तिथे म्हण आहे. एक अडचण सरली की दुसरी उभी, असा तिचा अर्थ लावतात. सह्याद्रीत वाढलेल्याला तो लगेच कळतो. पण ते डोंगर आज बऱ्याच ठिकाणी उघडे आहेत. हैतीत फक्त दोन टक्के झाडी उरली, हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलं आहे की ते खरंच वाटतं. उपग्रहचित्रांवरून मोजणाऱ्यांना झाडांखालची जमीन त्याच्या कितीतरी पट जास्त आढळली. आंबे, कुंपणं, परसबागा यांच्यात विखुरलेली. मूळचं जंगल मात्र जवळजवळ संपलं, हे खरं. त्यासाठी कोळशाच्या भट्ट्यांना दोष देणं सोपं आहे. मी आणखी मागे जाईन. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजानं युद्धनौका पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँकची मागणी केली, गमावलेल्या मळ्यांची आणि माणसांची भरपाई म्हणून. ज्यांना गुलाम केलं त्यांनीच आपल्या सुटकेचे पैसे मालकाला द्यायचे. पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांची शेपटं १९४७ पर्यंत पुरली. कॉफी विकली गेली, मेहॉगनी विकली गेली, रंगासाठी काम्पेशचं लाकूड जहाजं भरभरून गेलं. डोंगर असेही उघडे होतात.

आणि वादळं. कॅरिबियनची वादळं अशा उघड्या डोंगरांना धुऊन खाली आणतात. ४ ऑक्टोबर २०१६ ला मॅथ्यू वादळ नैऋत्येच्या द्वीपकल्पावर आलं तेव्हा गावंच्या गावं आडवी झाली. पाल्मिसची वादळातली रीत मला फार शहाणी वाटते. वारा असह्य झाला की तो पानं सोडून देतो, एकामागून एक. छत्री गेली की वाऱ्याला धरायला काही उरत नाही. नुसतं लवचिक खोड आणि आत घट्ट गुंडाळलेला तो गाभा. वादळ गेल्यावर असे ताड रांगेनं उभे दिसतात, बोडके, काठ्यांसारखे. ध्वज उतरवलेल्या काठ्या. काही महिन्यांनी वरून एक हिरवी सुई निघते.

हैतीची माणसंही गेली काही वर्षं पानं सोडल्यासारखी जगत आहेत. २०१० चा १२ जानेवारीचा भूकंप, त्यात कोसळलेला राष्ट्रपतींचा शुभ्र प्रासाद, मग पटकी, मग राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या बंदुकांखाली. तरी १८ मे येतो. झू द्रापो म्हणतात त्याला, ध्वजाचा दिवस. शाळांचे गणवेश कडक इस्त्रीचे होतात, बँडची पितळी वाद्यं चिंचेनं घासली जावीत तशी लखलखतात, गुलमोहर, हो, आपलाच तो मादागास्करहून आलेला गुलमोहर, तिथेही याच आठवड्यांत पेटलेला असतो. मोटारींच्या टपांवर, डोक्याला बांधलेल्या रुमालांवर, तान्ह्या मुलांच्या झबल्यांवर निळा-तांबडा. घर सोडून गेलेल्यांत तर जास्तच. मायामीत, माँट्रियलमध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. ब्रुकलिनमध्ये पाल्मिस जगत नाही. आणि त्या दुपारी सूर्य तिथे माथ्यावर येत नाही, दक्षिणेला कलतो. साडेपाच फुटी माणसाची सावली भर मध्यान्हीला दोन फूट पडते. आर्कायेच्या माणसाच्या पायाशी राहिलेली ती सावली इथे अंगाबाहेर निघालेली असते. परदेशी राहिलेल्या मराठी माणसालाही हे दोन फूट ठाऊक असतील.

१८ नोव्हेंबर २०२५ ला, व्हेर्तियेरच्या लढाईच्या तारखेलाच, हैतीचा फुटबॉल संघ १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. तोही घरच्या मैदानावर नव्हे. घरी खेळता येण्यासारखी स्थिती नव्हती, म्हणून क्युरासाओ बेटावर. रात्रभर रस्त्यांत ध्वज होते.

पुढल्या मे महिन्यात तुम्ही पुण्यात असाल, तर तेरा किंवा चौदा तारखेला साडेबाराच्या आत गच्चीवर जा. उभं करायला काहीही चालेल, झाडूसुद्धा. सावली पायाशी शिरून नाहीशी झाली की घड्याळ बघून ठेवा आणि जेवायला उतरा. रात्री सव्वादहाच्या सुमारास, अंथरुणं घालताना, पुन्हा एकदा आठवण करा. तोच सूर्य तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सच्या माथ्यावर असेल, आणि तिथे जे पाल्मिस उभे असतील त्यांच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या असतील.